रेगेकाकांची तीव्र चिंता

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात गणपतीचा फोटो नाही. तो पंपाच्या खोलीत आहे, ओलीमुळे तिरका झालेला. ऑफिसात सेक्रेटरीच्या खुर्चीमागे भिंतीवर ओळीने परके पुरुष टांगलेले आहेत. सगळे कोटात, सगळ्यांना टाय, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर सकाळी पोट साफ न झाल्याची कळा. नवीन बिऱ्हाड आलं की घरातला कर्ता माणूस कागदपत्रं घेऊन येतो, भिंतीकडे बघतो, नकळत हात जोडतो आणि विचारतो, “हे आधीचे सेक्रेटरी का?”

“हो,” रेगेकाका सांगतात. “पण आपले नव्हेत. जगाचे.”

सगळ्या देशांची मिळून जी एक मोठी संघटना आहे, लढाई पेटली की जिचं नाव बातम्यांत येतं आणि विझली की येत नाही, तिचे हे आजवरचे सरचिटणीस. रेगेकाकांनी आयुष्यभर एका मराठी दैनिकात परदेशी बातम्यांच्या टेबलावर काम केलं. ते दैनिक पुढे बंद पडलं. जग बिघडलं ते त्यानंतर, असं काकांचं मत आहे. रोज तारेवर इंग्रजीतून सरचिटणीसांचं निवेदन यायचं आणि काका त्याचं मराठी करायचे. एका कॉलमच्या मथळ्यात त्या साहेबांची नावं मावत नसत, म्हणून टेबलावर त्यांना टोपणनावं पडली होती. काका अजून तीच वापरतात. कोट कधीही न चुरगळणारा तो ‘इस्त्री’. सदा विमानात असणारा तो ‘भिंगरी’. पत्रकारांनी काहीही विचारलं तरी नुसती मान हलवणारा तो ‘मौनी’. सध्याचा तो ‘आत्ताचा’. काका त्यांच्याबद्दल असे बोलतात जसं आपण मोठ्या आत्याच्या यजमानांबद्दल बोलतो: आदराने, आणि थोडं चुकचुकत.

“शुभांगीताई, जगात दोनच पदं अशी आहेत,” ते मला नेहमी ऐकवतात, “ज्यांच्याकडे अधिकार काहीच नाही आणि दोष सगळा. एक त्यांचं, एक माझं.”

मी त्यांच्यासोबत कमिटीवर आहे. माझा स्कूल बसचा व्यवसाय आहे, दिवसभर ड्रायव्हर आणि पालक यांच्याशी बोलून माझी जीभ सरळ झालेली आहे. मी म्हणते, “काका, तुमच्याकडे पाण्याच्या टाकीची किल्ली आहे. त्यांच्याकडे तीही नसेल.”

तीस वर्षं एकाच प्रकारचं मराठी लिहिल्यामुळे काका तेच बोलतात. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंतांच्या बाथरूमचं पाणी दुसऱ्या मजल्यावरच्या पिल्लईंच्या देवघरात गळायला लागलं, तेव्हा जिन्यात रणकंदन झालं. पिल्लई हिंदी, मराठी आणि तमिळ तिन्हीत ओरडत होते. सावंत वरून वाकून म्हणत होते, “अरे, तुझ्या देवाक फुकट आंघोळ पडता, उपकार मान माझे!” काका इस्त्रीचा शर्ट घालून आले. दोघांच्या मधल्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, “दोन्ही पक्षांनी कमालीचा संयम बाळगावा. मी तीव्र चिंता व्यक्त करतो.”

“चिंता घाला चुलीत! प्लंबर खंय असा?” सावंत म्हणाले.

“मी परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहे.”

आणि त्यांनी खरंच ठेवलं. पिल्लईंच्या देवघरात स्टूल टाकून बसले आणि थेंब पडताना बघत राहिले. दुपार झाली. पिल्लईंच्या बायकोने त्यांना सांबार-भात वाढला. काही वेळाने सावंत खाली डोकावले, काकांना एकटक वर बघताना पाहिलं, आणि लाजेनं म्हणा की कंटाळून म्हणा, स्वतःच प्लंबर घेऊन आले. काकांनी तो दिवस विजयदिन मानला. “बळाचा वापर नाही, धमकी नाही. मौनीची पद्धत.”

रेगेकाकूंना हे सगळं घरात सोसावं लागतं. त्या एकदा माझ्याकडे वाटीभर मीठ मागायला आल्या तेव्हा म्हणाल्या, “काल सकाळपासून सांगतेय मीठ संपलंय. हे परिस्थितीवर लक्ष ठेवून आहेत.”

एका वर्षी सोसायटीच्या सत्यनारायणाला गुरुजींकडे हार उरले. गुरुजी नवीन होते. त्यांनी ऑफिसात डोकावून कोणाला तरी विचारलं, “हे दिवंगत सदस्य का?” कोणी तरी प्रसाद खाता खाता “हो” म्हणालं असावं. पाच मिनिटांत सगळ्या सरचिटणीसांना झेंडूचे हार आणि कपाळी गंध. काका आरतीहून आले आणि दारातच किंचाळले, “अहो, आत्ताचा जिवंत आहे हो!” स्टुलावर चढून त्यांनी स्वतः हार काढला, काच रुमालाने पुसली. नंतर आठवडाभर ते टीव्हीसमोर बसून होते. आत्ताचा कुठल्याशा परिषदेत पाणी पिताना दिसला तेव्हा त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, “प्रकृती उत्तम आहे.”

इथवर वाचून तुम्हाला रेगेकाका गोड वाटले असतील. आम्हालाही वाटायचे. अशा माणसाचा त्रास तोवरच होत नाही, जोवर त्याच्याकडून तुम्हाला खरोखर काही हवं नसतं.

आमच्या सोसायटीत ‘मोठे पाच’ आहेत. हे नाव काकांनीच ठेवलेलं. बोरिवलीच्या या टोकाला खाडीचा वास आणि डास यांशिवाय काही नव्हतं तेव्हा ज्या पाच जणांनी सोसायटी उभी केली ते हे मूळ सभासद. कायद्यात त्यांना कसलाही जादा अधिकार नाही. पण पाचांपैकी एकाने जरी सभेत “बघू नंतर” म्हटलं, तरी तो विषय ‘पुढील सभेत’ जातो. पुढील सभा ही आमच्याकडे एक जागा आहे. तिथे गेलेलं परत येत नाही. काकांना ही व्यवस्था मनापासून पटलेली आहे, कारण त्यांच्या संघटनेतही म्हणे असेच काही मोठे देश आहेत आणि त्यांच्या नकारापुढे कोणाचंच काही चालत नाही.

पाचांचे पुढारी दामले. निवृत्त बँक मॅनेजर, आवाज मऊ, चप्पल कायम नवी.

माझ्याच मजल्यावर संध्या वाघमारे भाड्याने राहायची. ती आणि तिचे वडील आबा. संध्या पाणीपुरवठ्याच्या कामातली इंजिनीअर. मुख्य पाइप फुटला तेव्हा सगळी बिल्डिंग बादल्या घेऊन उभी होती आणि ही बाई सलवार वर खोचून खड्ड्यात उतरली, प्लंबरला ओरडून व्हॉल्व्ह कुठला ते दाखवलं आणि दोन तासांत पाणी चालू केलं. तेव्हापासून नळाला धार बारीक झाली की दामल्यांपासून सगळे तिलाच फोन करायचे. “वाघमारे मॅडम, जरा बघता का?” तिच्या हातचं पाणी सगळ्यांना चाललं. बुद्धपौर्णिमेला तिच्याकडून मजल्यामजल्यावर खीर जायची. दामल्यांच्या घरूनही डबा स्वच्छ धुऊन परत यायचा. खीर कोण खायचं ते त्यांच्या कामवाल्या बाईने मला सांगितलं होतं. तिला ती आवडायची.

आबा लातूरकडचे, जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. आमच्या अख्ख्या सोसायटीत रेगेकाकांच्या सरचिटणीसांच्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारा हा एकच माणूस. संध्याकाळी पंपाच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघे बसायचे. बाकीचे लोक काकांना टाळायला जिन्याकडून वळसा घेत. आबा मात्र पेपर घेऊन मुद्दाम यायचे.

“रेगेसाहेब, तुमचा पेपर आमच्या गावच्या वाचनालयात दुसऱ्या दिवशी यायचा. ते ‘तीव्र चिंता’ तुम्हीच लिहायचात होय?”

“मीच, गुरुजी.”

“मी पोरांना सांगायचो, बघा रे, हा शब्द आला की समजायचं, काही होणार नाही.”

दुसरं कोणी असं बोललं असतं तर काका महिनाभर बोलले नसते. आबांवर ते खूश झाले. तेव्हापासून रोज वाद. भिंगरी मोठा का मौनी, इस्त्रीने त्या वेळी राजीनामा द्यायला हवा होता का नाही. काकांना आयुष्यात प्रथमच समोरच्या बाजूला कोणी तरी मिळालं होतं. काकू म्हणायच्या, “हल्ली जेवताना गप्प असतात. सगळं खाली सांडून येतात ना.”

एकदा मी बाजारातून येताना पिशवी टेकवायला तिथे थांबले. आबा म्हणत होते, “तुमची माणसं विद्वान, सभ्य, सगळं मान्य. पण यातल्या एकानं तरी एखाद्या मोठ्याला तोंडावर म्हटलं का, की बाबा रे, तू चुकलास?”

“तसं म्हटलं तर खुर्ची राहत नाही, गुरुजी.”

“अन् न म्हणता राहिली तर तिच्यावर बसतं कोण?”

काका हसले. त्या वेळी मीही हसले.

संध्याचे घरमालक मस्करेन्हस अंकल गोराई गावातले. त्यांना फ्लॅट विकायचा होता. त्यांनी पहिल्यांदा तिलाच विचारलं. आबांचे गुडघे गेलेले, पहिला मजला सोयीचा, आबांना खाली बाक आणि बाकावर माणूस होतं. संध्याने बँकेत कर्जाचा अर्ज केला. बँकेने मंजुरी दिली, फक्त सोसायटीचा ना हरकत दाखला आणा म्हणाली. असा दाखला आमच्याकडे सेक्रेटरीच्या सहीने मिळतो. मला वाटलं, चला, आठवडाभराचं काम.

कमिटीची सभा झाली. दामले म्हणाले, “माझी वैयक्तिक काहीच हरकत नाही. मॅडम फारच चांगल्या आहेत. पण बघू नंतर.”

“नंतर का?” मी विचारलं.

“उद्या रीडेव्हलपमेंट येणार. बिल्डर बघतो हो, मेंबर कोण कोण आहेत.”

“त्याला आवडेल की. सरकारी पगार आहे तिचा.”

“भाड्याने राहणं वेगळं, शुभांगीताई, आणि कायमचं वेगळं.”

“काय वेगळं? स्पष्ट बोला ना.”

“सगळंच बोलून दाखवायचं नसतं.”

“मग मी दाखवू बोलून?”

दुसऱ्या एका मोठ्याने घड्याळात पाहिलं, तिसऱ्याने चहा आला का ते पाहिलं. मी काकांकडे बघितलं. ते म्हणाले, “संबंधित सर्वांनी संयम बाळगावा. विषय पुढील सभेत.”

बाहेर आल्यावर मी त्यांना जिन्यातच धरलं. “काका, कायद्याने तुम्ही अडवूच शकत नाही. सही ठोका. दामल्यांचं काय ते मी बघते.”

“मोठ्यांचा नकार ओलांडून आजवर एकही सरचिटणीस पुढे गेलेला नाही, शुभांगीताई. मौनीने तर कित्येक वर्षं वाट पाहिली.”

“आणि मिळालं काय?”

“पद टिकलं. पद टिकलं तर पुढे कोणासाठी तरी काही करता येतं.”

“पुढे कोणासाठी? आत्ता दारात उभी आहे ना ती!”

“मी पडद्याआड बोलणी करतो आहे.”

पडद्याआडची बोलणी म्हणजे ते रोज सकाळी दूध आणताना दामल्यांना “काय, कसं काय?” विचारत होते आणि दामले “मजेत” म्हणत होते. मला हे ठाऊक आहे, कारण मी त्याच वेळी पहिली बस सोडायला फाटकात उभी असते.

पुढील सभेत विषय आला आणि परत पुढील सभेत गेला. मी संध्याला म्हटलं, “निबंधकाकडे तक्रार कर. मी सही करते, पिल्लई करतील, सावंत तर नाचत करतील.”

ती भाजी निवडत होती. “ताई, मला घर घ्यायचंय, केस नाही लढायची. जिंकले तर याच जिन्यावरून रोज चढायचंय ना? आबांना याच बाकावर बसायचंय.” मग म्हणाली, “आणि आबांना वाटतं, रेगेसाहेब करतील.”

आबांना खरंच तसं वाटत होतं. त्या दिवसांत ते बाकावर जायचे, पण दाखल्याचा विषय काढायचे नाहीत. मित्राला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून. काकाही काढायचे नाहीत. दोघं मिळून जुन्या लढायांबद्दल बोलायचे.

शेवटी संध्या स्वतः ऑफिसात गेली. मी तिथे पार्किंगचे स्टिकर मोजत होते. ती बसली नाही.

“काका, हो की नाही एवढंच सांगा. बँकेची मुदत संपत आलीय.”

“बसा ना, संध्याताई. तुम्हाला काय सांगू, मला या घडामोडींबद्दल अतिशय तीव्र...”

“चिंता नकोय मला, काका. सही हवीय.”

काकांचा हात टेबलावरच्या पेनाकडे गेला. गेला, हे मी शपथेवर सांगते. त्यांनी पेन उचललं, टोपण काढलं, आणि तेवढ्यात दारावरून दामल्यांची नवी चप्पल वाजत गेली. दामले आत आले नाहीत, थांबलेही नाहीत. नुसते गेले. काकांनी टोपण परत लावलं आणि म्हणाले, “मी लवकरच सर्व पक्षांना आवाहन करणार आहे.”

संध्या निघून गेली. मी स्टिकर तिथेच टाकले आणि काकांना जे बोलले ते छापण्यासारखं नाही. ते मान खाली घालून ऐकत राहिले. शिव्या ऐकण्याचा त्यांना सराव आहे, तो पदाचाच भाग आहे असं ते मानतात. त्यामुळे शिव्या द्यायचंही समाधान मिळत नाही.

बँकेची मुदत टळली. व्याज वाढलं, कागद परत नव्याने करायला सांगितले. मस्करेन्हस अंकलचा फोन आला. “सॉरी बेटा, मेरे को भी नये घर का पैसा भरना है. कितना रुकूं?” त्यांचा दोष नव्हता. त्यांना दुसरं गिऱ्हाईक आपोआप मिळालं होतं. दामल्यांचे साडू.

साडूंचा ना हरकत दाखला दोन दिवसांत निघाला. रेगेकाकांच्या सहीने.

मी विचारलं, “या वेळी चिंता नाही वाटली?”

“यात वाद नव्हता,” ते म्हणाले. हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते. भिंतीकडेही बघत नव्हते.

टेम्पो आला त्या दिवशी पिल्लईंनी डब्यात इडल्या भरून दिल्या. सावंतांनी कपाट एकट्याने उचलायचा हट्ट केला आणि कंबर धरून बसले. दामल्यांनी गॅलरीतून हात केला, “मॅडम, पाण्याचं काही झालं तर फोन करू हं!” संध्याने वर बघितलं नाही. काका फाटकापाशी उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यांनी बोलायचं काही ठरवून आणलेलं असावं, ओठ हलत होते. आबा काठी टेकत आले, क्षणभर थांबले.

“येतो, रेगेसाहेब.”

काकांच्या तोंडून अक्षर फुटलं नाही. तीस वर्षं रोज निवेदन लिहिलेला माणूस. आबा टेम्पोत पुढे बसले आणि टेम्पो दहिसरच्या दिशेने गेला.

पुढच्या वार्षिक सभेत काका बिनविरोध सेक्रेटरी झाले. सूचक दामले. मी अनुमोदन दिलं नाही, पण माझ्या न देण्याने काय होतं? दुसऱ्या कोणाला ती खुर्ची नकोच होती. काका आभाराचं बोलायला उभे राहिले आणि “धन्यवाद” म्हणून बसले. कोणाच्या लक्षात आलं नाही. सगळे खूशच झाले, लवकर सुटलो म्हणून. त्यानंतर मी त्यांच्या तोंडून मौनी, भिंगरी, इस्त्री यांतलं एकही नाव ऐकलं नाही. बाकावर आता दामल्यांचे साडू मोबाइलवर मोठ्याने गाणी ऐकत बसतात.

काही महिन्यांनी काकू मला जिन्यात म्हणाल्या, “शुभांगी, यांचं काय चाललंय बघ गं जरा. दर रविवारी पिशवी घेऊन जातात. म्हणतात, गोराईला जेट्टीवर ताजी मासळी मिळते. आणि हात हलवत येतात. मासळी नाही, काही नाही. विचारलं तर म्हणतात, आज भाव चढा होता.”

“अहो काकू, जात असतील फिरायला.”

“फिरायला गेलेला माणूस असा परत येत नाही,” त्या म्हणाल्या. मीठ मागायला आल्या होत्या त्या दिवसासारखा आवाज नव्हता त्यांचा.

संध्याने दहिसरला नदीच्या अलीकडे एका नव्या टॉवरमध्ये घर घेतलं होतं. आमच्या फ्लॅटपेक्षा लहान आणि महाग. मी जायचं जायचं म्हणत एका रविवारी सकाळी गेले. रिक्षातून उतरले आणि समोरच्या फुटपाथवर, बंद असलेल्या एका टायरच्या दुकानाच्या पायरीपाशी, रेगेकाका उभे होते. हातात रिकामी पिशवी. मला बघून ते दचकले नाहीत. नजर वर होती, तिथून खाली आणायला त्यांना वेळ लागला.

“काका? इथे काय करताय?”

“लिफ्ट आहे ना त्यांच्याकडे?” त्यांनी विचारलं. “म्हणजे आहे, दिसते. पण चालू असते ना? गुरुजींचे गुडघे आहेत.”

“मला काय माहीत? मी पहिल्यांदाच येतेय. चला, वर जाऊन विचारा.”

“नको.”

“किती दिवस येताय असं?”

“पाणी नीट येतं का हो त्यांना? नव्या बिल्डिंगांना सुरुवातीला त्रास असतो.”

“तिला पाण्याचं तुम्ही सांगणार? चला, चला वर.” मी त्यांचा दंड धरला. दंड म्हणजे शर्टाची बाहीच हातात आली, इतका तो माणूस वाळला होता.

“नको हो, शुभांगीताई.” त्यांनी हळूच बाही सोडवली. “त्या चहा देतील. तो कुठल्या तोंडाने पिऊ?”

मला पहिल्यांदा कळलं नाही. मग कळलं, आणि रागच आला. एवढं कळतं या माणसाला, मग तेव्हा पेनाचं टोपण का लावलं? पण रस्त्यावर भांडायची माझी इच्छा नव्हती. मी त्यांना तिथेच सोडलं आणि रस्ता ओलांडला.

लिफ्ट चालू होती. घर छान होतं, खिडक्या मोठ्या, भांडी अजून खोक्यात. आबा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. मांडीवर पेपर होता, पण घडी मोडलेली नव्हती. मला बघून त्यांनी हात केला आणि परत तोंड रस्त्याकडे केलं. संध्या चहा टाकत होती. मी तिच्यामागे स्वयंपाकघरात गेले आणि हळू आवाजात सांगितलं, “खाली रेगेकाका उभे आहेत गं.”

“माहितीये. दर रविवारी असतात.”

“मग बोलवायचं ना.”

तिने आलं ठेचलं. ठेचून झाल्यावरही आणखी दोनदा ठेचलं.

“मी का बोलावू, ताई? त्यांना कोणी अडवलंय? वॉचमन कोणाला थांबवत नाही, दाराला बेल आहे. आमच्या घरी यायला कोणाचा दाखला लागत नाही.”

आम्ही चहा घेतला. आबांचा कप तिने गॅलरीत नेऊन दिला. तो कठड्यावर तसाच राहिला, साय धरेपर्यंत.

मी खाली आले तर काका तिथेच होते. मी रस्ता ओलांडून त्यांच्यापर्यंत गेले.

“काय म्हणाल्या?”

मी संध्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. गोड करून सांगायची मला सवय नाही, आणि गरजही वाटली नाही. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मान हलवली. रिकामी पिशवी घडी करून खिशात घातली, शर्ट सारखा केला आणि फुटपाथच्या कडेला जाऊन उभे राहिले. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, परत उजवीकडे बघितलं.

माझी रिक्षा आली. बसताना मी विचारलं, “सोडू का तुम्हाला घरी?”

त्यांनी नकारार्थी हात केला. वर गॅलरीत आबा उठून उभे राहिले होते, काठी न घेता, दोन्ही हात कठड्यावर.

रिक्षा वळेपर्यंत मी मागे वळून बघत होते. रविवारची सकाळ, रस्त्यावर एक गाडी नव्हती. काका अजून कडेलाच उभे होते.